घरातल्या वस्तूंची किंमत आणि हातातला मोबाईल

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर रविवारी संध्याकाळी झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून लिहून काढताना बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



गेल्या महिन्यात सेक्रेटरी साहेबांनी मला लिफ्टपाशी गाठलं. म्हणाले, "भाऊ, तुमच्या धंद्यावर अर्धा तास बोला. पण लोकांच्या कामात येईल असं बोला. फोटो काढला की वस्तूची किंमत सांगणारी ॲपं निघाली म्हणतात, ती कशी वापरायची ते सांगा." मी म्हटलं, ती ॲपं खरंच तसं करून राहिली असती तर मी केव्हाच दुकान बंद करून तुमच्यासोबत सकाळी फिरायला आलो असतो. तरी विषय घेतला. कारण मोबाईल मी कामात रोज वापरतो. माझ्या पिशवीत भिंग, कसोटीचा दगड आणि वजनकाटा यांच्या शेजारी त्यानं जागा मिळवली आहे. ती जागा कोणती, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी एक खुलासा. आपल्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना वाटतं की मी फ्लॅटच्या किमती काढतो. तो व्हॅल्युअर वेगळा. तो भिंती मोजतो, मी भिंतींच्या आतलं मोजतो. दागिने, चांदी, पितळ-तांब्याची भांडी, फर्निचर, तसबिरी, जुनी घड्याळं. कायद्याच्या भाषेत चल मालमत्ता. मला बोलावणं येतं ते बहुधा विमा, वाटणी नाहीतर कर यांच्यापायी. म्हणजे पाणी शिरलेलं असतं, घरातलं मोठं माणूस गेलेलं असतं, किंवा चार्टर्ड अकाउंटंटनं कागद मागितलेला असतो. आनंदाच्या प्रसंगी मूल्यांकन करणाऱ्याला कोणी बोलावत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथं बसलेल्या कोणाला विसरता येणार नाही. शनिवार होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी, महालक्ष्म्यांचं पूजन झालेलं. आपल्या विदर्भात महालक्ष्म्या म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. वर्षभर माळ्यावर आणि कपाटात पडलेलं सगळं त्या तीन दिवसांत बाहेर निघतं. मुखवटे, समया, चांदीची ताटं, सासूबाईंच्या सासूबाईंचा शालू. सोळा भाज्यांचा स्वयंपाक झाला, आरती झाली, लोक दमून झोपले. आणि मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी पात्र सोडून आली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, तिकडे मोरभवनचं बसस्थानक, इकडे आपल्या कॅनॉल रोडची बाजू. आपण वरच्या मजल्यांवर म्हणून वाचलो. तळमजल्यावरच्या लोकांनी अंधारात पाय खाली टाकला तो पाण्यात पडला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी डागा लेआउटमधल्या एका घरी गेलो. घरात एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, मुलगा आणि सून. कमरेएवढं पाणी येऊन गेलेलं. नशिबानं घराचा विमा होता, त्यात घरातल्या सामानाचाही. विम्याकडून सर्व्हेअर येणार होता आणि त्यानं सामानाची यादी मागितली होती. यादी कुठे होती? आजींच्या डोक्यात. त्यांना प्रत्येक भांडं आठवत होतं, पण वजनानं नाही, माणसानं. "ते वर्धेच्या मामींनी दिलेलं, हे बारशाचं." इकडे चिखल झालेलं अर्धं सामान घरच्यांनी घाबरून दोन दिवसांतच रस्त्यावर काढून टाकलेलं आणि महानगरपालिकेच्या गाडीनं उचलून नेलेलं. म्हणजे वस्तूही नाही आणि कागदही नाही.

वाचवलं ते एका फोटोनं. पुण्याहून आलेल्या नातवानं शुक्रवारी संध्याकाळी आरतीच्या वेळी महालक्ष्म्यांचे फोटो काढले होते. घरच्या ग्रुपवर टाकलेले फोटो आम्ही आधी पाहिले. ते मोठे केले की नुसते चौकोन दिसत. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि फोटोच्या पोटात असलेली तारीख, वेळ, ठिकाण पुसून टाकतं. मग मी नातवाला फोन केला आणि सांगितलं की मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. चौदा आले. प्रत्येकात वेळ होती, रात्री आठच्या आसपासची. त्या चौदा फोटोंतून सून आणि मी दोन दिवस बसून एकसष्ट वस्तू मोजल्या. समयांची उंची शेजारच्या स्टीलच्या डब्यावरून काढली, कारण तो डबा घरात शिल्लक होता.

पण कपाटातलं काही त्यात नव्हतं. आजींच्या आईचा शालू त्या वर्षी मांडलाच नव्हता, तो लाकडी पेटीत खाली होता. त्याचा एकही फोटो कोणाकडे नाही. माझ्या यादीत मी तो लिहिला, पण "सांगण्यावरून" असा शेरा मारून. त्या शेऱ्याखाली आजींना सही करायला सांगताना मला जे वाटलं ते मी घरी कोणाला सांगितलं नाही.

तर मंडळी, मोबाईलचं पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम हे आहे. त्यानं किंमत सांगायची नाही, साक्ष द्यायची. ही वस्तू या दिवशी या घरात होती आणि ती अशी दिसत होती. किंमत नंतर कोणीही काढून देईल. साक्ष नंतर काढता येत नाही.

विम्याचा विषय निघालाच आहे तर दोन वाक्यं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" नावाची ठरावीक पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर धरलेला आहे. घर आणि सामान दोन्ही घेतलं तर यादी न देता इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये एवढं सामान आपोआप धरलं जातं. त्याहून जास्त हवं असेल तर तपशील द्यावा लागतो. आणि दागिने, कलावस्तू यांचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं, ते आपोआप येत नाही. गृहकर्जाबरोबर काढलेला विमा पुष्कळदा नुसत्या भिंतींचाच असतो. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढून बघा.

आता फोटो कसा काढायचा. साधाच, पण थोडा विचार करून. फुलं, रांगोळी, आपला चेहरा बाजूला ठेवा. वस्तू एकटी, पांढऱ्या चादरीवर, खिडकीच्या उजेडात. समोरून एक, मागून एक, तळाचा एक, आणि जिथं शिक्का, नाव किंवा तडा असेल तिथला अगदी जवळून एक. तडा लपवायचा नाही, तो ओळखीची खूण असतो. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून कोणीही माप काढू शकतं. लांबी-रुंदी मोजणारी ॲपं पलंग-कपाटांना ठीक आहेत, दागिन्यांना नाहीत. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पितळ सोन्यासारखं आणि सोनं पितळेसारखं दिसतं, तेव्हा रंगावर जाऊ नका. आणि प्रत्येक वस्तूबरोबर अर्ध्या मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बोलू द्या: ही कोणाकडून आली, कधी आली. फोनमध्ये रेकॉर्डर असतोच. माझ्या सगळ्या ॲपांत मला तो जास्त मोलाचा वाटतो.

भांड्यांवरच्या नावांबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण हा माझा आवडता भाग आहे. आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालायची पद्धत. दुकानाबाहेर नाव घालणारा बसलेला असायचा, बारीक छिन्नीनं ठिपके ठोकत जायचा. कोणाला, कोणाकडून, कशानिमित्त आणि तारीख. जगात कुठल्याही जुन्या वस्तूच्या व्यवहारात ती कोणाकडून कोणाकडे गेली याचा पुरावा मिळवायला लोक धडपडतात, आणि आपल्या आज्यांनी तो पुरावा पातेल्यावर ठोकून ठेवलेला आहे. फक्त चिंच आणि राखेनं साठ-सत्तर वर्षं घासल्यावर ते ठिपके डोळ्याला दिसत नाहीत. अशा वेळी खोलीत अंधार करा. एका फोनचा टॉर्च भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा, दुसऱ्या फोननं फोटो काढा. तिरप्या उजेडात प्रत्येक खळग्याला सावली पडते आणि अक्षरं उठून येतात. मग फोटोचा रंग काढून तो काळा-पांढरा करा. याला कुठलंही विकतचं ॲप लागत नाही.

ह्या युक्तीनं एकदा एक वाटणी मिटली. खरं म्हणजे वेगळीच पेटली. धंतोलीतलं घर, वडील गेलेले, दोन भाऊ आणि एक बहीण. सोनं-नाणं सुरळीत वाटलं गेलं आणि भांडण लागलं ते एका घंगाळावरून. भंडाऱ्याकडचं जुनं जड पितळ, दोन्ही बाजूंना कडी. थोरल्यानं फोटो काढून गूगल लेन्सवर टाकला, तर एका संकेतस्थळावर तशाच घंगाळाला पंचेचाळीस हजार लावलेले. धाकट्यानं इतवारीत विचारलं, तर मोडीच्या भावानं, किलोवर. थोरला म्हणे तू मला फसवतो, धाकटा म्हणे तुला हाव सुटली. तीन महिने बोलणं बंद. मला बोलावलं ते किंमत ठरवायला.

मी घंगाळ पालथं घातलं, अंधार केला, टॉर्च लावला. तळाजवळ नाव निघालं. भावांना वाटत होतं ते आजोबांनी घेतलेलं. त्यावर होतं त्यांच्या आईचं माहेरचं नाव, तिच्या मामांचं नाव आणि तिच्या लग्नाची तारीख, १९५८ ची. आई तिथंच सोफ्यावर बसलेली होती. तीन महिन्यांत तिला कोणी विचारलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "माझं आहे ते. मी आहे ना अजून." स्त्रीधन हे त्या बाईचं स्वतःचं असतं, तिच्या हयातीत ते कोणी वाटणीला घेऊ शकत नाही. माझी फी मी घेतली, पण किंमत काढायची वेळच आली नाही.

त्या पंचेचाळीस हजारांबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण गूगल लेन्स तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. लेन्स काय करतं? तुमच्या फोटोसारखे दिसणारे फोटो शोधून आणतं. सारखं दिसणं आणि तेच असणं यांत फरक आहे. आणि त्या फोटोखाली जी रक्कम असते ती मागितलेली असते, मिळालेली नसते. मी माझ्या जुन्या स्कूटरला दोन लाख मागू शकतो. मला मूल्यांकनात मिळालेली किंमत लागते, म्हणजे तशी वस्तू खरोखर कितीला गेली. लिलावसंस्था विक्रीनंतर जे निकाल जाहीर करतात ते उपयोगी. दुकानाच्या संकेतस्थळावरचा आकडा नाही. लेन्स मी वापरतो ते नाव शोधायला. एखाद्या घड्याळाची कंपनी कोणती, एखाद्या विलायती बशीमागचा शिक्का कोणाचा, हे तो पटकन सांगतो. किमतीपाशी आलो की मी फोन खाली ठेवतो.

नेहमी ठेवत होतो असं मात्र नाही. काही वर्षांपूर्वी एका घरी भिंतीवर लक्ष्मीची तसबीर होती, काचेमागे, चौकट जुनी सागवानी. लेन्सनं ताबडतोब राजा रविवर्मा सांगितलं, खाली मोठमोठे आकडे. मी बरं वाटून यजमानांना बोलून गेलो की ही जुन्या छापखान्याची दिसते, चांगली किंमत येईल. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यातल्या तसबिरींना आज मागणी आहे हे खरं. घरी येऊन मी मॅक्रोनं काढलेला फोटो मोठा केला आणि कपाळावर हात मारला. जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हातानं टाकल्यासारखे असतात. ह्या तसबिरीत ते एका मापाचे, ओळीत लावलेले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. म्हणजे अलीकडच्या ऑफसेट छपाईचं कॅलेंडर, जुन्या चौकटीत बसवलेलं. दुसऱ्या दिवशी जाऊन मला माझे शब्द परत घ्यावे लागले. ज्या फोननं मला फसवलं त्याच फोनच्या भिंगानं मला सोडवलं, पण बोलण्याआधी भिंग वापरायला हवं होतं. तुमच्याकडे जुनी तसबीर असेल तर एवढं एक करून बघा: मॅक्रो चालू करून लक्ष्मीच्या गालाचा फोटो काढा आणि मोठा करा.

आता सोनं. बायका मघापासून वाट बघून राहिल्या आहेत, मला दिसतं आहे.

सोन्यासाठी एक ॲप मी डोळे मिटून सुचवतो, ते म्हणजे "बीआयएस केअर". सरकारी आहे, फुकट आहे. १ एप्रिल २०२३ पासून सराफाला सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता, जसं २२ कॅरेटला ९१६, आणि हा सहा अक्षरांचा नंबर. नंबर इतका बारीक असतो की आधी फोनचा कॅमेरा भिंगासारखा वापरून तो वाचावा लागतो. तो ॲपमध्ये टाकला की सराफाचं नाव, तपासणी केंद्र, तारीख, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. बहुतेक लोक "नंबर निघाला" एवढ्यावर खूश होतात. खाली वाचा. एकदा माझ्याकडे आलेल्या बांगडीचा नंबर टाकला, तर ॲप म्हणे अंगठी. नंबर खरा होता, पण तो कोणाच्यातरी अंगठीचा होता. प्रकार आणि शुद्धता हातातल्या वस्तूशी जुळली तरच त्या नंबराला अर्थ. दोन ग्रॅमच्या आतले दागिने, कुंदन-पोलकी-जडावाचं काम यांना हॉलमार्कची सक्ती नाही, तेव्हा तिथं नंबर नसला तर सराफाशी भांडू नका.

फोनवर अंगठी ठेवली की वजन सांगतो असं सांगणारी ॲपंही आहेत. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका चिरंजीवानं मला ते करून दाखवलं. अंगठी दोनदा ठेवली, दोन वजनं आली. खेळ म्हणून ठीक आहे. वजन काट्यावरच, आणि काटाही वैध मापन विभागाचा त्या वर्षीचा शिक्का असलेला. घरात लिहून ठेवताना ग्रॅममध्ये लिहा, तोळ्यात नको. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता बाजारात बोलतात तो १० ग्रॅमचा. आजीच्या चिठ्ठीत "पाच तोळे" असेल तर ते ५८ ग्रॅम की ५०, यावरून मी घरं तुटताना पाहिली आहेत.

आणि आजचा भाव गुणिले वजन करून देणारी जी ॲपं आहेत, त्यांच्यापासून जरा सांभाळून. उदाहरण म्हणून बोरमाळ घ्या. मण्यांच्या आत लाख भरलेली, ओवायला दोरा. काट्यावर जे वजन येतं त्यात सोनं किती, लाख किती? जुन्या सोनाराकडच्या दागिन्यात जोड असतो, कस वेगळा असतो. ॲपला हे काही दिसत नाही. समजा सगळं वजा जाऊन निव्वळ सोनं कळलं. तरी किंमत एक नाही. विम्यासाठी हवी ती आज तशीच बोरमाळ नव्यानं घडवायला काय लागेल ती, घडणावळ आणि करासकट. बहीणभावांत वाटणीला साधारण मोडीचा भाव धरतात, तूट वजा करून. आणि विकली तर कर किती लागेल हे बघायला तिसरीच: दागिना १ एप्रिल २००१ च्या आधी घरात आलेला असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. म्हणजे एकाच बोरमाळेच्या तीन किमती, तिन्ही खऱ्या, आणि एकीच्या जागी दुसरी घातली तर तिन्ही खोट्या. माझ्या कागदावर म्हणूनच रकमेच्या आधी दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: कशासाठी आणि कोणत्या तारखेची. ज्या ॲपनं तुम्हाला हे दोन प्रश्न विचारले नाहीत त्याचा आकडा कोणापुढे ठेवू नका.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एक. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच. सुनेनं व्हिडिओ कॉलवर देवघरातली जुनी मूर्ती पाहिली आणि "आम्हाला पाठवा" म्हटलं, तर लगेच बॅगेत भरू नका. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं. ती देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येतो. लेन्सनं "ॲन्टिक" म्हटलं म्हणून काही ती पुरावस्तू होत नाही, आणि त्यानं "नवीन शोभेची वस्तू" म्हटलं म्हणून विमानतळावर कोणी सोडत नाही.

फोटो ठेवायचे कुठे, हेही विचारलं जातं. फोनमध्येच ठेवले तर फोनच पाण्यात जातो. डागा लेआउटमध्ये तेच झालं असतं, नातू पुण्याला परत गेला नसता तर. एक प्रत ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे. आणि हात जोडून सांगतो, दागिन्यांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. मूळ फोटोत घराचं ठिकाण असतं, ते साक्षीला चांगलं आणि चोराला त्याहून चांगलं.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांपैकी दोन येथे दिले आहेत.)

"माझ्या पाटल्यांवर नंबर नाही. म्हणजे सोनं खोटं का?"

नाही काकू. तुमच्या पाटल्या हॉलमार्कच्या आधीच्या आहेत. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झालं, सक्ती तर २०२१ पासून. नंबर नसणं हा वयाचा पुरावा आहे, खोटेपणाचा नाही. शंका असेल तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात ग्राहक म्हणून स्वतः जाऊन तपासून घेता येतं, सराफामार्फतच जावं असं नाही. पण त्याआधी फोटो, ग्रॅममधलं वजन आणि पाटल्या कोणी घडवल्या ते तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा.

"बाईनं पाचशे ग्रॅमपेक्षा जास्त सोनं ठेवलं तर गुन्हा आहे ना?"

हा प्रश्न मला दर लग्नसराईत येतो. गुन्हा नाही. प्राप्तिकर खात्याची १९९४ ची सूचना आहे: झडती पडली तर विवाहित स्त्रीमागे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीमागे २५० आणि पुरुषामागे १०० ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करू नये. ती जप्तीबद्दल आहे, मालकीबद्दल नाही. जास्तीचं कुठून आलं हे दाखवता आलं की झालं. आणि दाखवायचं कशावरून? आईच्या लग्नातला फोटो, सराफाची पिवळी पडलेली पावती. त्या पावतीचा फोटो आजच काढा. अलीकडच्या थर्मल कागदाच्या पावत्या तर दोन-तीन वर्षांत कोऱ्या होतात.

आजी? हो, त्या बऱ्या आहेत. पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. मुखवटे नवीन होते, समया त्याच. मी बूट काढून आत जातो तोच नातवानं हातात फोन दिला आणि म्हणाला, "काका, आजी म्हणतात आरतीच्या आधी कपाटं उघडून फोटो काढा, मग ताट वाढते." आम्ही लाकडी पेटीसुद्धा उघडली. तिच्यात आता दुसऱ्या साड्या होत्या. त्यांचेही काढले.